डाव्या हाताचा नमस्कार

वैजंता दारातून आली ती थेट माझ्या ओट्यापाशी. कोथिंबिरीची पिशवी खाली टाकली, तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि कमरेला खोचलेलं एक लाल पाकीट काढून पिठाच्या परातीशेजारी ठेवलं.

"काकी, चौकात घावलं. पायाला लागलं माझ्या."

तव्यावर पोळी होती. ती उतरवली, हात पदराला पुसले आणि पाकीट उघडलं. आत नोटा होत्या आणि कागदात गुंडाळलेलं एक मंगळसूत्र. कुणा बाईचा जीव टांगणीला लागला असेल, म्हटलं, जा, पटकन पोलीस ठाण्यात देऊन ये, हाकेच्या अंतरावर तर आहे. तशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. नाही म्हणजे नाहीच जाणार. तुम्हीच द्या, म्हणाली, आणि माझं नाव घेऊ नका.

मी नाव घेणार नव्हतेच. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, खानावळही मी सुनेच्या हाती सोपवली आहे. पण तेव्हा माझ्याकडे पोळ्या लाटायला ज्या बायका होत्या, त्यांत वैजंता सगळ्यांत शेवटी आलेली. कुठून तरी लांबून, दुष्काळी भागातून आली होती. दारात उभी राहून म्हणाली होती, पोळ्या येतात, निजायला जागा द्या. मी लाटून दाखव म्हटलं. उजवा हात तिचा कोपरात वाकत नव्हता. लाकडासारखा ताठ. सगळा जोर डाव्या हातावर घेऊन लाटत होती. पण पोळी अशी फुगली की मी गपचूप तिची वळकटी माळ्याखालच्या खोलीत ठेवायला सांगितली. जेवायची डाव्या हातानं. बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा मी त्यांना चांगलं झापलं. हाताला काय झालं म्हणून मी एकदाच विचारलं. पडले, म्हणाली. बायकांच्या पडण्याची जास्त चौकशी मी करत नाही. मीपण संसार केलाय.

तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मला हुडकत कुणी आलं तर मी इथं न्हाई, एवढं म्हणा. एवढंच. पगारवाढ नाही, सणाला साडी नाही. बाहेर जाताना डोळ्यांपुरतं उघडं ठेवून स्कार्फ बांधायची. आमच्याकडे उन्हात निम्म्या बायका तशाच फिरतात, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही.

तर पाकीट घेऊन मीच गेले. ठाण्याचे डबे माझ्याकडूनच जायचे, त्यामुळे मला तिथं कुणी अडवत नसे. घाटगे साहेब म्हणून इन्स्पेक्टर होते. माणूस मोठा सरळ. अळूची भाजी केली की दुसऱ्या दिवशी न चुकता निरोप यायचा, काकी, बेत झकास झाला. मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर एक बाई रडून रडून लाल झालेली. सोनाराकडून मंगळसूत्र दुरुस्त करून आणलं आणि स्कूटरवरून पाकीट कुठं पडलं तिला कळलंच नाही. मी पाकीट पुढं केलं तर तिनं माझ्या गळ्यातच मिठी मारली. मला मेलीला उगाच पुण्य.

साहेबांना खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या वर्षी आमच्या गावात चौकाचौकांत पोलिसांचे कॅमेरे बसले होते. आधी चोरांनी फार उच्छाद मांडला होता, बायकांच्या गळ्यातलं ओरबाडून न्यायचे, म्हणून कॅमेरे बसले तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. साहेब मला आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतभर पडदे, आणि सगळ्या पडद्यांवर आमचं गाव. मी माझ्या ओळखीची माणसं बघत राहिले. भाजीवाला नाक खाजवत होता. गुरव मास्तरांची सून कुणाशी तरी फोनवर भांडत होती. बिचारीला वाटत असेल रस्त्यात कोण बघतंय.

"आता हे बघा," साहेब म्हणाले.

पडद्यावर आमचा चौक. स्कूटरवरून पाकीट पडलं. लोक बाजूनं गेले, कुणाचं लक्ष नाही. मग वैजंता आली, स्कार्फ बांधलेली, हातात पिशवी. तिचा पाय पाकिटाला लागला. ती थांबली, खाली वाकली, पाकिटाला हात लावून तो कपाळाला नेला, मग छातीला. पुस्तकाला, पैशाला, माणसाला पाय लागला की आपण करतो तसा नमस्कार. आधी नमस्कार, आणि मग पाकीट उचललं. उघडूनसुद्धा बघितलं नाही. इकडेतिकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, कुणी शोधत येतंय का म्हणून, आणि मग आमच्या गल्लीच्या दिशेनं गेली.

साहेबांनी चित्र तिथंच थांबवलं. काकी, ही कोण बाई, हिचा आपण सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, पेपरात देऊ. मी म्हटलं, साहेब, ती साधी बाई आहे, बुजरी आहे, तिला नाव नको, फोटो नको, हार-तुरे काही नको. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि शब्द दिला की तिचं नाव ते विचारणारसुद्धा नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन वैजंताला सांगितलं, तर तिनं त्या दिवशी माझ्यासाठी तिच्या गावाकडचं कालवण, शेंगदाण्याचा झणझणीत म्हाद्या केला. इतकी हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनंदा वहिनी फोन नाचवत आल्या. इंदूताई, आपला चौक बघा, आपला चौक! तोच चौक, तीच वैजंता. मागं बासरी लावलेली. वर आमच्या गावाचं नाव, चौकाचं नाव, ठाण्याचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, अज्ञात भगिनीच्या प्रामाणिकपणाला सलाम. नमस्काराची जागा आली की चित्र संथ व्हायचं आणि जवळ यायचं. साहेबांनी शब्द पाळला होता. नाव कुठंच नव्हतं. लोकांनी खाली काय काय लिहिलेलं. याला म्हणतात संस्कार. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आणि एका शहाण्यानं लिहिलेलं, डाव्या हातानं कुणी नमस्कार करतं का?

ते वाचलं मात्र, हातातलं सगळं टाकून मी ठाण्यात गेले. साहेब खुशीत होते. वरच्या साहेबांचा शाबासकीचा फोन येऊन गेला होता. मी म्हटलं, ते आधी काढा. त्यांना कळेचना. काकी, चेहरा कुठं दिसतोय, नाव कुठं आहे, आम्ही तर बाईचं कौतुकच केलंय. मी म्हटलं, साहेब, तिला विचारलं का? ते म्हणाले, रस्त्यावरच्या माणसाला काय विचारायचं, आणि आता काढून तरी काय उपयोग, कालपासून सगळ्या महाराष्ट्राच्या फोनात गेलंय ते. तेवढं मात्र खरं होतं. मी हात हलवत परत आले.

घरी आले तर पोळ्यांचं काम थांबलेलं. बायकांनी वैजंताला तो व्हिडिओ कौतुकानं दाखवला होता. ती लाटणं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाकडं बघत नव्हती. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्याजवळ बसले. म्हटलं, अगं, तोंड कुठं दिसतंय त्यात, तुला कोण ओळखणार?

"ज्यानं हात मोडला त्यो वळखंल, काकी."

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारणीकडे हळदीकुंकवाला न विचारता गेली म्हणून नवऱ्यानं, भागवत त्याचं नाव, तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. डॉक्टरकडे नेलं नाही. हाड जसं जमलं तसं जमलं. तेव्हापासून उजवा हात कपाळापर्यंत पोचत नाही. देवाला, म्हाताऱ्यांना, पाय लागलेल्या वस्तूला, सगळ्यांना डाव्याच हातानं. सासरी त्याच्यासाठीसुद्धा मार खाल्ला होता, अपशकून करते म्हणून. वडलांना तिनं सांगितलं होतं, बैलानं ढकललं. आई नव्हती. जावई गोड बोलणारा, म्हातारा त्याच्यावर जीव टाकायचा.

"आणि घावलीस तर विहिरीत घालीन म्हणलाय," ती म्हणाली. रडली नाही. पीठ मळायचं राहिलंय अशा आवाजात म्हणाली.

माझी बहीण गडहिंग्लजला असते. मी तिला फोन केला, एक बाई पाठवते, काय विचारू नकोस. सकाळच्या एसटीनं जायचं ठरलं. वैजंतानं वळकटी बांधली, मी माझी एक जुनी साडी बळंच तिच्या पिशवीत कोंबली. निजायच्या आधी ती भांडी विसळताना आपल्याशीच बोलल्यासारखी बोलली. इथं कुणी मला वळखत न्हवतं, लई बरं होतं. बाजारात जायची तर वाटायचं, मी कुणाचीच कुणी न्हाई. मी तिला म्हटलं, गप गं, तिथंही तसंच असेल. माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

सकाळी स्टँडवर गेलो. गाडी लागली होती, खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी राहून केळी घ्यावीत का म्हणून विचारत होते, तेवढ्यात एक लेडीज कॉन्स्टेबल जवळजवळ पळतच आली. ठाण्यात गेले की तिला मी बघायची. माझ्याकडे बघून हसली आणि गाडीत चढली.

"वैजंताताई तुम्हीच ना?" तिचा आवाज खाली मला ऐकू येत होता. "उतरा, उतरा. घाबरू नका, आनंदाची बातमी आहे. तुमच्या घरचे आलेत."

भागवतनं तिकडं आपल्या तालुक्याच्या ठाण्यात बायको हरवल्याची तक्रार कधीच देऊन ठेवली होती. व्हिडिओ बघितला, हात ओळखला, आणि सासऱ्याला गाडीत घालून रातोरात आमच्या गावात आला. पुढं घाटगे साहेबांना काहीच अवघड नव्हतं. चौकातून ती कुठल्या गल्लीत वळली, सकाळी कुठल्या दारातून पिशवी घेऊन बाहेर पडली, कुणाबरोबर स्टँडवर आली, सगळं पडद्यावर. मला स्वतः सांगितलं त्यांनी, उत्साहानं.

ठाण्यात शिरलो तर बाकड्यावर एक हडकलेला म्हातारा बसलेला. वैजंताला बघितलं आणि उठता उठता खालीच बसला. लेकरा, तू हाईस व्हय, एवढंच म्हणत राहिला. त्यानं मुलगी मेली असं धरून वर्षश्राद्धाचं मनात आणलं होतं म्हणे. भागवत शेजारी उभा, इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत पाणी. मी कधी असा देखणा, शांत माणूस बघितला नव्हता. तो मला नमस्कार करून म्हणाला, मावशी, तुम्ही सांभाळलंत, तुमचे उपकार कसे फेडू?

मी सरळ साहेबांच्या खोलीत घुसले. म्हटलं, तिला एकटीला विचारा, यांच्यासमोर नको. साहेबांनी ऐकलं. आधी सांगितलंच आहे, माणूस वाईट नव्हता. कॉन्स्टेबल तिला घेऊन आत बसली. वैजंतानं दाराचं, हाताचं, विहिरीचं, सगळं सांगितलं. साहेबांनी भागवतला आत घेतला आणि असा दम भरला की आवाज रस्त्यावर गेला. पुन्हा हात लावलास तर आत टाकीन. भागवतनं कान धरले, चुकलो म्हणाला, तसं लिहूनही दिलं. म्हाताऱ्याला आवाज ऐकू गेला होता, पण अर्थ लागला की नाही देव जाणे. तो उठला आणि सगळ्यांदेखत साहेबांचे पाय धरायला लागला, माझी लेक घावून दिली म्हणून. साहेबांनी त्याला वरच्या वर धरलं.

मग साहेबांनी वैजंताला नीट विचारलं. ताई, तुमच्यावर जबरदस्ती नाही. जायचं का राहायचं, तुम्ही सांगाल तसं.

वैजंता म्हणाली, काकींशी बोलते.

आम्ही ठाण्याच्या मागल्या अंगणात, जप्त केलेल्या मोटारसायकली उभ्या असतात तिथं गेलो. मी तिच्या हातापाया पडले. म्हटलं, नाही म्हण, मी आहे, माझ्या घरात राहा, कोण येतो ते बघते.

"त्याला दार ठावं झालं आता, काकी. त्यो रोज दारात बसंल. तुमच्या लेकासुनंला तरास दील."

म्हटलं, मग गडहिंग्लजला जा. नाहीतर आणखी लांब जा.

"कुठं जाऊ?" तिनं माझ्याकडे बघितलं. "जिथं जाईन तिथं लोक म्हणतील, अगं, ही ती. ह्यो हात कुठं ठिवू मी?"

मी तिचा तो ताठ हात घट्ट धरला. ती आत गेली आणि साहेबांना म्हणाली, जाते.

साहेबांनी शाल आणि नारळ आधीच मागवून ठेवला होता. आता चेहरा झाकायचं काही कारण उरलं नव्हतं. वैजंताला मधे उभं केलं, एका बाजूला बाप, एका बाजूला भागवत. कॉन्स्टेबलनं फोन धरला. ताई, कसं वाटतंय, दोन शब्द बोला. वैजंतानं नारळ डाव्या हातानं छातीशी धरला होता. बरं वाटतंय, म्हणाली. भागवतनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी नाही वाजवल्या. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली, तर मी तिला वाकू दिलं नाही, तशीच कवटाळली. अंगाला अजून खानावळीच्या फोडणीचा वास येत होता.

त्यानंतर मी रोज फोनची वाट बघायची. तिच्याकडे फोन नव्हता, पण माझा नंबर तिला पाठ होता. एकदा वडलांच्या फोनवरून बोलली. बरी हाय, म्हणाली, आणि मागून कुणीतरी हाक मारल्यावर ठेवला. पुढं दिवाळी होऊन गेली. आणि मग एका सकाळी त्याच नंबरावरून म्हाताऱ्याचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं. धुणं धुताना पाय घसरला म्हणतात, विहिरीत गेली, असं कसंबसं सांगितलं. मग म्हणाला, न्यायला मीच आल्तो की तिला. तेच तेच म्हणत राहिला. शेवटी मीच फोन ठेवला, माझ्यानं ऐकवेना.

त्या दिवशी डबे घेऊन मी स्वतः ठाण्यात गेले. साहेबांना कळलेलं होतं. टेबलावर डबा ठेवला तर त्यांनी तो उघडला नाही. त्यांनी तिकडच्या ठाण्यात फोन लावला होता. अपघात म्हणून नोंद झाली होती, कुणी काही बघितलं नव्हतं, भागवतनं लिहून दिलेला कागद साहेबांनी तिकडं पाठवला होता, पण त्यातून काही सिद्ध होत नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, ती चौकात वाकली ते तुम्हाला दिसलं. गाडीत बसली ते दिसलं. आता विहिरीवर काय झालं, तेवढं बघून सांगा मला."

साहेबांनी डबा बाजूला सारला.

"तिथं कॅमेरा कसा असणार, काकी?" ते म्हणाले. "विहीर त्यांच्या घरामागं आहे, त्यांच्याच आवारात. कुणाच्या घरात आम्हाला असं डोकावता येत नाही. ते खासगी असतं."

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी आदल्या दिवशीचे रिकामे डबे उचलले आणि बाहेर पडले.